'फायरहाउस डॉग' पाहून मुलीला तसाच कुत्रा हवाय: पडद्यावर काय खरं, घरी काय शिकवता येतं

तुमचं म्हणणं मला समजलं ते आधी सांगते. ९ वर्षांची लेक सुट्टीत 'फायरहाउस डॉग' पाहून बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हॉलीवूडचा एक नट-कुत्रा स्टंट करताना हरवतो, लोक त्याला भटका समजतात, मोडकळीला आलेल्या एका फायर स्टेशनवर तो येऊन पडतो, तिथल्या कॅप्टनच्या मुलाशी त्याची गट्टी जमते आणि मग आगीच्या कॉलवर तो जवानांच्या बरोबरीने धावतो. लेकीला तस्साच कुत्रा हवा. तुमच्या मिस्टरांचं मत डाल्मेशियन, म्हणजे तो पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला कुत्रा, आणावा, कारण फायर ब्रिगेडचा कुत्रा म्हटलं की तोच. नाशिकचा टू बीएचके, तुम्ही दोघंही नोकरीला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कुत्रे हे खरंच करतात का, घरच्या कुत्र्याला ते शिकवता येतं का, आणि शूटिंगच्या वेळी त्या कुत्र्याला आगीत सोडलं होतं का. तिसरा प्रश्न लेकीचा आहे आणि तिला काय सांगावं हे तुम्हाला सुचलं नाही.

मी पुण्यात कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवते. अधूनमधून जाहिरातींच्या आणि मालिकांच्या सेटवरही कुत्रे घेऊन जाते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या कामातल्या आहेत. आणि दोन्हीकडे वावरल्यामुळेच एक गोष्ट ठामपणे सांगू शकते: पडद्यावर जो कुत्रा बघून आपण हरखतो आणि जो आपल्या घरात सुखाने राहील, ते दोघे बहुतेक वेळा उलट स्वभावाचे असतात. जात कुठली, किंमत किती, पिल्लू की मोठा, हे सगळं त्याच्यानंतर येतं.

आधी पडद्यावरच्या कुत्र्याबद्दल. सिनेमा २००७ चा, दिग्दर्शक टॉड हॉलंड. मुलाचं काम जॉश हचरसनने केलंय, कॅप्टन वडिलांचं ब्रूस ग्रीनवुडने. कुत्र्याचं काम मात्र एकाने केलेलं नाही. चार आयरिश टेरियर होते: आर्वेन, फ्रोडो, रोहन आणि स्ट्रायडर. हे लेकीला जरूर सांगा. या वयाच्या मुलांना हे कळलं की त्यांचा विरस होत नाही, उलट ती सिनेमा पुन्हा लावून 'हा कुठला, तो कुठला' ओळखायला बसतात.

चार कशाला लागतात? कारण एकाच कुत्र्यात सगळं मिळत नाही. एखादा उड्या मारण्यात, धावण्यात पटाईत असतो, पण कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद शांत बसायला सांगा, चुळबुळ करतो. दुसरा तासभर एका जागी पडून राहील, माणसांकडे टक लावून बघेल, पण जिना चढताना कचरेल. म्हणून एकसारखे दिसणारे कुत्रे घेतात आणि ज्याला जे मनापासून आवडतं ते त्याच्याकडून करून घेतात. शिवाय कुत्रा थकतो. दुपारनंतर त्याचं लक्ष उडतं. माणूस नट दमला तरी ओढून नेतो. कुत्र्याला तसं करायला लावलं तर दुसऱ्या दिवशी तो सेटवर पाऊल टाकायला तयार नसतो.

आता एखादा साधा प्रसंग घ्या. कुत्रा खोलीत येतो, थबकतो, मुलाकडे बघून मान तिरकी करतो आणि मग खिन्न होऊन खाली बसतो, हनुवटी पंजांवर टेकवतो. आपल्या डोळ्यांत पाणी येतं. सेटवर हे चार वेगवेगळे शॉट असतात. खोलीत येणं म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या एका लहानशा खुणेपर्यंत चालत येऊन त्यावर पुढचे पाय ठेवणं. कुत्र्याला आधी मोठ्या पाटावर पाय ठेवायला शिकवतात, मग पाट लहान करत करत शेवटी जमिनीच्याच रंगाचा एक तुकडा उरतो, तो कॅमेऱ्यात दिसत नाही. मान तिरकी होते ती अनोळखी आवाजाने. कॅमेऱ्यामागे कोणीतरी तोंडाने विचित्र आवाज काढतं. मुलाकडे बघणं म्हणजे मुलाच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या ट्रेनरच्या मुठीकडे बघणं, कारण मुठीत खाऊ आहे. आणि ती खिन्नता म्हणजे 'हनुवटी खाली' नावाची एक शिकवलेली क्रिया, तिच्यावर नंतर संगीत चढवलेलं. ज्या शॉटमध्ये संवाद नसतात तिथे ट्रेनर खुशाल बोलत असतो, त्याचा आवाज नंतर काढून टाकतात. संवाद असतील तर फक्त हाताच्या खुणा.

म्हणून 'कुत्रे हे खरंच करतात का' याचं उत्तर असं की प्रत्येक तुकडा कुत्र्याने खरंच केलेला असतो, पण त्यांची कथा संकलकाने जोडलेली असते. यात मला काहीही कमी वाटत नाही. एक तुकडा चोख बसायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात, आणि तो कुत्रा तेवढा वेळ आनंदाने आपल्यासोबत काम करतो, हेच मला पडद्यावरच्या करामतीपेक्षा मोठं वाटतं.

पण या कामासाठी कसा कुत्रा निवडतात ते बघा. खाऊसाठी किंवा चेंडूसाठी वेडा असलेला. नव्या जागेत, लाइट्समध्ये, गर्दीत, क्रेनखाली न बुजणारा. एकच गोष्ट पन्नास वेळा करूनही 'अजून काय?' म्हणून तोंडाकडे बघणारा. या गुणाला आमच्या धंद्यात ड्राइव्ह म्हणतात. सेटवर ड्राइव्ह म्हणजे सोनं. टू बीएचकेमध्ये, दिवसभर घर बंद असताना, तोच ड्राइव्ह सोफ्याचा कापूस काढतो, दार खरवडतो, शेजाऱ्यांची बेल वाजली की अर्धा तास भुंकतो. माझ्याकडे 'हा ऐकतच नाही हो' म्हणून येणाऱ्या कुत्र्यांमध्ये मठ्ठ क्वचितच असतात. बहुतेक हुशार असतात, आणि त्या हुशारीला दिवसभर काही काम नसतं.

खऱ्या फायर स्टेशनशी जोडलेल्या कुत्र्यांकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. जळत्या इमारतीत कुत्रा पाठवत नाहीत. धुरात त्याचं नाक निकामी होतं, पंजे भाजतात आणि त्याला मास्क लावता येत नाही. त्याचं काम आग विझल्यानंतर सुरू होतं किंवा इमारत कोसळल्यानंतर.

आग विझल्यानंतरचं काम म्हणजे ती कोणी लावली का हे हुंगणं. सिनेमात जाळपोळीच्या तपासाचा धागा आहे, तो हवेतून आणलेला नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांकडे १९८६ मध्ये मॅटी नावाची काळी लॅब्रेडॉर होती, या कामासाठी तयार झालेल्या पहिल्या कुत्र्यांपैकी ती. जळून कोळसा झालेल्या खोलीत पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचा मागमूस कुठे आहे ते असे कुत्रे दाखवतात. कुत्रा तिथे शांतपणे बसतो आणि नाकाने जागा दाखवतो. उकरायचं नाही, कारण उकरलं तर पुरावा बिघडतो. मग हँडलर, म्हणजे त्या कुत्र्यासोबत काम करणारा माणूस, तिथला नमुना उचलून प्रयोगशाळेत पाठवतो. प्रयोगशाळेने दुजोरा दिल्याशिवाय नुसत्या कुत्र्याच्या इशाऱ्यावर निष्कर्ष काढू नये, असं आगीच्या तपासाचं अमेरिकेतलं प्रमाण मार्गदर्शक सांगतं, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याचं नाक चांगलं असतं, पण त्याला हँडलरच्या चेहऱ्यावरची अपेक्षाही वाचता येते. या पद्धतीत बऱ्याच कुत्र्यांचं जेवणही कामाशी बांधलेलं असतं: वास सापडला की घास. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही हँडलरला नमुने लपवून सराव घ्यावा लागतो.

दुसरं काम ढिगाऱ्याखालचं. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट झाला, तेव्हा विल्मा मेलविल नावाच्या निवृत्त शिक्षिका मर्फी या आपल्या लॅब्रेडॉरला घेऊन तिथे गेल्या होत्या. असे तयार कुत्रे देशात फारच थोडे आहेत हे त्यांनी पाहिलं आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात एक संस्था काढली. ही संस्था प्राणी-आश्रयगृहांमधून कुत्रे निवडते, शिकवते आणि मुख्यतः अग्निशमन दलाच्या जवानांना विनामूल्य देते. म्हणजे टाकून दिलेला कुत्रा आणि फायर स्टेशनचा जवान ही सिनेमातली जोडी प्रत्यक्षात आहे. पण ते कुत्रे आश्रयगृहात का आलेले असतात? बहुतेकदा घरात आवरले नाहीत म्हणून. चेंडूमागे वेडे, न थकणारे, सतत काही ना काही उद्योग करणारे. घराला जे नको झालं तेच ढिगाऱ्यावर कामी येतं. तुमच्यासाठी मला नेमकी हीच गोष्ट अधोरेखित करायची आहे.

आपल्याकडेही हे काम होतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारतातून गेलेल्या एनडीआरएफच्या पथकांसोबत ज्युली आणि रोमिओ हे लॅब्रेडॉर होते. नुरदाग येथे ज्युलीने ढिगाऱ्यावर एका जागी भुंकून खूण दिली, मग रोमिओला तिथे सोडून खात्री करून घेतली, आणि खालून ६ वर्षांची एक मुलगी जिवंत निघाली. एका कुत्र्याने दाखवलेली जागा दुसऱ्याकडून तपासायची, ही पद्धत तुमच्या लेकीला नक्की आवडेल. मुंबईचा झंजीरही तिला सांगा. १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या कुत्र्याने मोठ्या प्रमाणावर आरडीएक्स शोधून दिलं, आणि त्याचं प्रशिक्षण आमच्या पुण्यात झालं होतं.

आता लेकीचा प्रश्न, आगीचा. सिनेमातली आग बहुधा गॅसच्या नळ्यांतून येते. नळ्यांना व्हॉल्व्ह असतो, तो फिरवला की ज्वाळा मोठी होते, बंद केला की आग विझते. बाजूला आग विझवणारी माणसं उभी असतात. कुत्रा त्या ज्वाळांपासून बराच लांब असतो. लांबून झूम करून घेतलेल्या चित्रात मधलं अंतर चेपलं जातं आणि तो ज्वाळांच्या तोंडाशी असल्यासारखा दिसतो. कित्येकदा कुत्रा एका दिवशी आणि आग दुसऱ्या दिवशी चित्रित करून नंतर एकावर एक ठेवतात. धूरही यंत्राचा असतो. चांगल्या युनिटमध्ये कुत्र्याला आधी बरेच दिवस रिकाम्या सेटवर, मग थोड्या धुरात, मग आवाजासह असं सवयीने तिथवर आणतात.

पण 'चांगल्या युनिटमध्ये' हे शब्द मी मुद्दाम वापरले. १९३९ च्या एका अमेरिकन सिनेमासाठी घोड्याला कड्यावरून खाली टाकलं गेलं आणि तो मेला. त्यावर ओरड झाली, आणि १९४० पासून अमेरिकन ह्युमेन ही संस्था सेटवर देखरेख करू लागली. सिनेमाच्या शेवटी 'या चित्रीकरणात एकाही प्राण्याला इजा झाली नाही' अशी ओळ दिसते ती त्यातून आली. लेकीला सांगा, प्राणी असलेला कुठलाही अमेरिकन सिनेमा पाहिला की शेवटच्या नावांमध्ये ती ओळ शोधायची. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याखाली २००१ चे खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आहेत, आणि चित्रीकरणाआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. तरीही सेटवर कुत्र्याच्या बाजूने बोलणारं माणूस हजर असावंच लागतं. एका जाहिरातीच्या वेळी लाइट्सखाली फरशी इतकी तापली होती की मी तळहात टेकवून पाहिला आणि कुत्र्याला गाडीत नेऊन बसवलं. दिग्दर्शक नाराज झाला. फरशी थंड होईपर्यंत काम थांबलं, एवढंच. जिथे आपला तळहात पाच-सात सेकंद टिकत नाही तिथे त्याचे पंजे ठेवायचे नाहीत. हे तुमच्या सोसायटीच्या एप्रिल-मे मधल्या डांबरी रस्त्यालाही लागू आहे.

आता डाल्मेशियनबद्दल. मिस्टरांचं म्हणणं इतिहास म्हणून बरोबर आहे. आगीचे बंब घोडे ओढायचे त्या काळात डाल्मेशियन घोड्यांच्या बरोबरीने पळायचे, रस्त्यातले इतर कुत्रे हाकलायचे आणि तबेल्यात राखण करायचे. घोड्यांशी त्यांचं जमायचं आणि मैलोन्‌मैल धावण्याचा दम होता, म्हणून ते त्या कामात आले. न्यूयॉर्कमध्ये घोड्यांचा शेवटचा बंब १९२२ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. त्यानंतर डाल्मेशियन उरला तो परंपरेपुरता. परंपरेलाही अर्थ असतो: ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कच्या लॅडर २० या तुकडीला, जिचे सात जवान त्या दिवशी गेले, डाल्मेशियनचं एक पिल्लू भेट मिळालं. त्याचं नावही ट्वेंटीच ठेवलं गेलं, आणि ते त्या स्टेशनमध्येच राहिलं.

पण फ्लॅटसाठी? घोड्यासोबत पळायला घडवलेला कुत्रा संध्याकाळी सोसायटीला एक फेरी मारून शांत होणार नाही. या जातीत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण मोठं आहे. अमेरिकेतल्या तपासण्यांत दहापैकी जवळजवळ तीन कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. विकणारा हे सांगत नाही. सिनेमा पाहून कुत्रा घेण्याचा सगळ्यात मोठा फटकाही याच जातीला बसला. डाल्मेशियन पिल्लांचा '१०१ डाल्मेशियन्स' हा प्रसिद्ध कार्टूनपट १९८५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, त्यानंतर अमेरिकेत या जातीची वर्षाची नोंदणी साधारण ८ हजारांवरून १९९३ पर्यंत ४२ हजारांपुढे गेली आणि मग धाडकन कोसळली. एवढी मागणी आली की जो तो पिल्लं काढतो, आईवडिलांचे कान आणि स्वभाव तपासत बसत नाही. आणि वर्षभरात त्यातली कितीतरी पिल्लं दुसऱ्याच्या दारात जातात.

आयरिश टेरियरबद्दल थोडक्यात. साधारण १२ किलोचा, तांबूस तारेसारख्या केसांचा, धीट, माणसांवर फार माया करणारा, पण इतर कुत्र्यांशी वाजवायला मागेपुढे न पाहणारा. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच. तुम्हाला कोणी 'तस्साच आहे' म्हणून पिल्लू दाखवलं तर तो दुसराच काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

मग आणायचा कोणता? मी तुमच्या जागी असते तर दीड-दोन वर्षांचा देशी कुत्रा घेतला असता, प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेकडून किंवा ज्यांनी तो काही महिने घरात सांभाळलाय अशा माणसांकडून. मोठा कुत्रा घेण्याचा फायदा असा की त्याचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो. तो मुलांसोबत कसा वागतो, एकटा किती वेळ राहतो, कुकरच्या शिट्टीने बुजतो का, हे सांभाळणाऱ्याला विचारता येतं. पिल्लाच्या बाबतीत हे सगळं अंदाजावर. आणि पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांपेक्षा लहान घेऊ नका. त्याहून लहान विकणं नियमातही बसत नाही. पिशवीत घालून आणून देणारे, आई दाखवायला टाळाटाळ करणारे, अशांकडे जाऊच नका.

घरी काय शिकवता येईल, याबद्दल मी खूप आशावादी आहे. नऊ वर्षांची मुलगी उत्तम ट्रेनर होऊ शकते, कारण मुलं खेळाला कंटाळत नाहीत. फक्त सत्र लहान ठेवा, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि तेवढं जेवणातून कमी करा. एक शब्द ठरवा, समजा 'हां!'. कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी 'हां!' आणि लगेच तुकडा. हा शब्द घरातल्या सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरायचा. आजी 'बस', बाबा 'सिट' आणि लेक 'खाली' म्हणाली तर कुत्रा तिघांकडे बघत उभा राहील.

सुरुवात नाव ऐकून बघण्यापासून, मग 'ये', 'बस', 'थांब', 'सोड'. यातलं 'सोड' मी सगळ्यात महत्त्वाचं धरते, कारण रस्त्यावरचं हाड किंवा औषधाची गोळी तोंडात गेली तर तोच शब्द जीव वाचवतो. मग एक चटई ठरवा आणि 'जागेवर' म्हटलं की तिच्यावर जाऊन बसायला शिकवा. पाहुणे आले की उपयोगी पडतं, आणि सेटवर खुणेवर उभं राहणं याच पद्धतीने शिकवतात. तीच चटई हळूहळू लहान करत नेलीत तर वर सांगितलेल्या प्रसंगातला खोलीत येण्याचा पहिला शॉट तुमची लेक स्वतः करू शकेल.

आणि शोधण्याचा खेळ. ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या कुत्र्यांचं पहिलं शिक्षण इतकं साधं असतं की लोकांचा विश्वास बसत नाही. तुम्ही कुत्र्याला धरून ठेवायचं. लेकीने त्याचं आवडतं खेळणं हातात घेऊन, त्याला दिसेल असं पळत जाऊन दाराआड लपायचं. मग तुम्ही 'शोध!' म्हणून सोडायचं. तो जाऊन तिला गाठेल, आणि गाठल्या गाठल्या तिने त्याच्याशी मनसोक्त खेळायचं, तेच त्याचं बक्षीस. चार-पाच वेळा झालं की ती लपताना दिसणार नाही अशी व्यवस्था करा, मग दुसऱ्या खोलीत, मग पडद्यामागे, मग सोसायटीच्या बागेत लांब दोरी बांधून. काही आठवड्यांत तो डोळे बाजूला ठेवून नाक वापरायला लागतो, हे तुम्हाला त्याच्या चालण्यातच दिसेल: वेग मंदावतो, मान वळते, हवेत वास घेत घेत तो वळण घेतो. कामाच्या कुत्र्याला याच्यापुढे सापडल्यावर भुंकत राहायला शिकवतात. तुम्ही ते शिकवू नका, शेजारी आहेत. बाकीचा खेळ तोच आहे. आणि वीस मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा तासभर फिरवलेल्या कुत्र्याइतका निवांत झोपतो, हा तुम्हा नोकरीवाल्यांसाठी मोठाच फायदा.

घरी शिकवू नये असंही काही आहे. उंचावरून उड्या नकोत. सांध्यांचं नुकसान लगेच दिसत नाही. दिवा, काडेपेटी, फटाके यांच्याजवळ 'धीट' करण्याचे प्रयोग नकोत. आणि आग लागली तर कुत्रा आपल्याला वाचवेल, ही समजूत मुलीच्या मनात राहू देऊ नका. घरात धूर दिसला की तिने वाकून बाहेर पडायचं, कुत्र्याला शोधायला मागे फिरायचं नाही, आणि मोठ्यांनी १०१ किंवा ११२ लावायचा. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण सिनेमा याच्या उलट शिकवून गेलेला असतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. घर सलग किती तास बंद असतं? चार-पाच तासांपर्यंत मोठा, शांत कुत्रा राहतो. नऊ-दहा तास रोज असतील तर मधे कोणीतरी येऊन त्याला फिरवणारं हवं, नाहीतर थांबा. घरात म्हातारं माणूस आहे का, कुणाला दमा आहे का? सोसायटीच्या बंदीची भीती घालू नका मनाला, सोसायटीला सरसकट कुत्रे पाळायला मनाई करता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलेलं आहे. पण लिफ्ट, स्वच्छता आणि पट्टा याबाबत तुम्हीही चोख राहिलं पाहिजे. आणि कुत्रा १२-१४ वर्षं जगतो. म्हणजे लेक शिक्षणासाठी बाहेर जाईल तेव्हा तो तुमच्याकडे असेल. म्हणून तो तुम्हा दोघांना हवा असेल तरच आणा. मुलीने 'मी सगळं करीन' म्हटलेलं खरं असतं, पण पहाटे सहाला पावसात त्याला खाली नेणं हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम नाही.

पहिल्या दिवसापासूनचे दोन-तीन नियम आत्ताच लिहून ठेवा. तो जेवताना आणि झोपलेला असताना लेकीने हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. पडद्यावर मुलगा मिठी मारतो तेव्हा तो कुत्रा त्यासाठी सरावलेला असतो, नवा कुत्रा त्यात घाबरतो. तोंड फिरवलं, ओठ चाटले, अंग ताठ केलं, तर तो 'पुरे' म्हणतोय. रेबीजची लस वेळच्या वेळी, आणि ओरखडा किंवा चावा लागलाच, अगदी घरच्या कुत्र्याचा, तरी पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर.

कुत्रा येईपर्यंतच्या दिवसांसाठी एक सुचवते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, आणि त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी लोकांना बंब, शिड्या, होज दाखवतात, प्रात्यक्षिकं करतात. तुमच्या जवळच्या अग्निशमन केंद्रात विचारून लेकीला घेऊन जा. सिनेमातल्या कुत्र्याइतकंच तिला त्या स्टेशनचं, तिथल्या माणसांचं आकर्षण वाटलं असणार. प्रश्न लिहून न्यायला सांगा. आणि एक आधीच सांगून ठेवा: मधेच कॉल आला तर जवान बोलणं अर्ध्यावर टाकून निघून जातील, तेव्हा गाडीच्या वाटेतून बाजूला व्हायचं.